दोहाच्या मोरीतले फॉस्फेट

भांडी धुण्याच्या यंत्रात घालायच्या पावडरीतील फॉस्फेट हा पदार्थ पर्यावरणाच्या चर्चेत आला तो नद्या आणि सरोवरांमुळे, आणि कतार हा तर असा देश आहे की जिथे बारमाही वाहणारी एकही नदी नाही, गोड्या पाण्याचे नैसर्गिक सरोवर नाही, आणि वर्षभरात पडणारा पाऊस सरासरी 80 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणात आषाढातल्या एका दिवसाच्या झडीत सहज पडावा तेवढाच असतो. त्यामुळे अमेरिकेत किंवा युरोपात या पदार्थावर जी बंधने आली त्यांचे वाळवंटातल्या दोहा शहराला काय देणेघेणे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर ठरणार नाही. मात्र या शहराच्या नळाला येणारे पाणी कुठून येते आणि मोरीतून गेलेले पाणी कुठे जाते, याचा माग काढू लागले की या प्रश्नाचे उत्तर इतरत्र मिळते त्यापेक्षा निराळे मिळते. कतारमधील लाखो भारतीयांत मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यातली अनेक घरे डिशवॉशर हे यंत्र पहिल्यांदा वापरतात ती दोहात आल्यावरच, म्हणून हा माग मराठी वाचकाच्याही ओळखीच्या स्वयंपाकघरातून जातो.

यंत्राच्या पोटात

हाताने भांडी घासताना घासणीचा जोर असतो, नारळाच्या शेंडीचा किंवा तारेचा खरखरीतपणा असतो आणि डोळ्यांना दिसेल तिथे पुन्हा हात फिरवण्याची सोय असते. यंत्राकडे यांपैकी काहीच नसते. त्याच्या आत फिरणाऱ्या पंख्यांतून गरम पाण्याचे फवारे भांड्यांवर बसतात, आणि घासण्याचे उरलेले सगळे काम रसायनांना करावे लागते. यंत्राच्या पावडरीत फेस येऊन चालत नाही, कारण फेसामुळे फवाऱ्याचा जोर मरतो, म्हणूनच हाताने भांडी घासण्याचा साबण चुकून यंत्रात घातला तर फेस दाराच्या फटीतून बाहेर येऊन ओट्याखाली पसरतो. फेसाची जागा या पावडरीत तीव्र अल्कली, ब्लीचसारखे काम करणारी ऑक्सिजनयुक्त द्रव्ये, भाताची पेज आणि अंड्याचा बलक फोडणारी विकरे, आणि या सर्वांना पाण्यातील क्षारांपासून सांभाळणारा एक पदार्थ घेतो.

हा सांभाळणारा पदार्थ म्हणजे दीर्घकाळ सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट हाच होता. फॉस्फरसचे तीन अणू ऑक्सिजनच्या दुव्यांनी साखळीसारखे जोडलेला हा क्षार पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांना धरून ठेवतो, त्यामुळे काचेवर चुन्याचा थर बसत नाही, सुटलेली घाण पाण्यातच तरंगत राहते, तेलकटपणा पुन्हा ताटावर येऊन बसत नाही आणि पाण्याची अल्कता टिकून राहते. इतकी कामे एकटा करणारा, स्वस्त, बिनवासाचा आणि माणसाला विशेष अपाय न करणारा दुसरा पदार्थ सापडणे अवघड होते, आणि सन 1955मध्ये अमेरिकेत आलेल्या कॅस्केडसारख्या पावडरी पुढची पाच दशके याच बळावर विकल्या गेल्या. जड पाण्याचा, म्हणजे साबणाला दाद न देणाऱ्या क्षाराच्या पाण्याचा, अनुभव सोलापूर-लातूरकडच्या बोअरवेलवर वाढलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. कुकरच्या तळाशी जमणारा पांढरा थर त्याच्या घरी रोजचाच असतो. फॉस्फेटचे सारे महत्त्व अशा पाण्यामुळे आहे, आणि हा मुद्दा कतारच्या संदर्भात पुढे कळीचा ठरतो.

एरी सरोवराचा धडा

फॉस्फेट स्वतः विषारी नाही, उलट ते जीवनावश्यक आहे, आणि नेमकी अडचण तीच आहे. गोड्या पाण्यात शेवाळाच्या वाढीला लागणाऱ्या घटकांपैकी फॉस्फरस हाच बहुधा सर्वांत कमी असतो, त्यामुळे त्याच्या पुरवठ्यावरच वाढीची मर्यादा ठरते. शेवाळाच्या पेशीत फॉस्फरसच्या एका अणूमागे साधारण 16 नत्राचे आणि 106 कार्बनचे अणू असतात. या प्रमाणावरून हिशेब मांडला तर पाण्यात गेलेल्या एक ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे शंभर ग्रॅम कोरडे शेवाळ उभे राहू शकते. हे शेवाळ मरून तळाला कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. पाण्याला गरजेपेक्षा अधिक खाद्य मिळाल्याने होणाऱ्या या ऱ्हासाला अतिपोषण म्हणतात, आणि पुणे-पिंपरीचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या उजनी धरणाचे हिरवे पडलेले पाणी ज्याने पाहिले असेल त्याला ते चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडू नयेत.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील एरी सरोवर 1960च्या दशकात याच कारणाने 'मेले' असल्याचे वृत्तपत्रे लिहीत होती, आणि साबण उद्योगाच्या वतीने दोष फॉस्फरसचा नसून कार्बनचा असल्याचा युक्तिवाद होत होता. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने 1973मध्ये कॅनडातील ओंटारियो प्रांतात 226 क्रमांकाच्या एका लहान सरोवराच्या अरुंद कमरेवर पडदा बांधून त्याचे दोन भाग केले, एका भागात कार्बन आणि नत्र घातले, दुसऱ्या भागात कार्बन, नत्र आणि फॉस्फरस घातले. दुसरा भाग नील-हरित शेवाळाने भरून गेला, पहिला जवळपास होता तसाच राहिला, आणि विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्राने जे वादविवाद वर्षानुवर्षे चालले होते ते जवळजवळ एका फटक्यात मिटवले. पर्यावरणशास्त्रात इतका निःसंदिग्ध प्रयोग क्वचितच झाला असेल.

या निकालानंतर कपड्यांच्या पावडरीतून फॉस्फेट टप्प्याटप्प्याने गेले, पण भांड्यांच्या यंत्राला सवलत मिळाली, कारण पर्यायी द्रव्ये ताटांवर ठिपके ठेवत होती आणि त्या काळी यंत्रेही थोडक्याच घरांत होती. ही सवलत संपली ती फार उशिरा. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकॅन परगण्याने 2008मध्ये फॉस्फेटयुक्त पावडरीच्या विक्रीवर बंदी घातली तेव्हा तेथील काही गृहस्थ शेजारच्या आयडाहो राज्यात गाडी घेऊन जात आणि जुन्या पावडरीची खोकी भरून आणत, अशा बातम्या त्या काळात छापून आल्या. स्वच्छ पेल्यासाठी सीमा ओलांडणारा हा मध्यमवर्गीय तस्कर कायदा करणाऱ्यांच्या कल्पनेत नसावा. पुढे 1 जुलै 2010पासून अमेरिकेच्या 16 राज्यांनी घरगुती पावडरीतील फॉस्फरस 0.5 टक्क्यावर आणला, जो आधी 8.7 टक्क्यांपर्यंत असे. युरोपीय संघाने 2012मध्ये नियम करून 1 जानेवारी 2017पासून घरगुती यंत्राच्या एका नेहमीच्या मात्रेत 0.3 ग्रॅमपेक्षा अधिक फॉस्फरस असता कामा नये असे ठरवले.

या आकड्याचा अर्थ नीट लागावा म्हणून जुन्या पद्धतीच्या वीस ग्रॅमच्या टॅब्लेटचा हिशेब घ्यावा. तिच्यात तिसरा हिस्सा ट्रायपॉलिफॉस्फेट असेल तर फॉस्फरस सुमारे 1.7 ग्रॅम होतो, आणि एक प्रौढ माणूस दिवसभरात मलमूत्रावाटे जवळपास तेवढाच फॉस्फरस टाकतो. म्हणजे यंत्राची रोजची एक फेरी ही सांडपाण्याच्या दृष्टीने घरात आणखी एक माणूस राहायला आल्यासारखी होती.

समुद्राचे पाणी नळाला

कतारच्या शहरी नळांना येणारे पाणी जवळजवळ सर्वच्या सर्व समुद्राचे असते. दोहाच्या दक्षिणेला किनाऱ्यावरील रास अबू फोंतास, त्याच्याही पुढे उम्म अल हौल आणि उत्तरेला रास लफान येथील कारखान्यांत आखाताचे खारे पाणी गोडे केले जाते आणि कहरामा या सरकारी वीज-पाणी महामंडळाच्या जाळ्यातून ते घरोघर पोचते. जुन्या पद्धतीत समुद्राचे पाणी तापवून एकामागून एक कमी दाबाच्या कप्प्यांत सोडतात, प्रत्येक कप्प्यात त्याचा थोडा भाग एकदम वाफ होऊन उडतो आणि ती वाफ थंड करून पाणी मिळवतात. नव्या पद्धतीत प्रचंड दाबाने पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलतात आणि मीठ मागे राहते. दोन्ही मार्गांनी मिळणारे पाणी इतके क्षारहीन असते की ते तसेच सोडले तर नळांचे धातू आणि सिमेंटचे अस्तर खाऊ लागेल, म्हणून त्यात चुनखडी आणि कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्याने थोडे कॅल्शियम मुद्दाम मिसळावे लागते.

या कारखान्यांच्या इतिहासात फॉस्फेटचाही एक प्रवेश आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. तापवलेल्या समुद्रजलाच्या नळ्यांवर चुन्याचा थर बसू नये म्हणून आखाती देशांतील सुरुवातीच्या कारखान्यांत पॉलिफॉस्फेटच घालत असत, म्हणजे डिशवॉशरच्या पोटात चालणारे कॅल्शियम धरण्याचे काम तिथे अवाढव्य प्रमाणावर चाले. मात्र साधारण 90 अंश सेल्सिअसच्या पुढे ही साखळी तुटून निकामी होत असल्याने तापमान वाढवता येत नसे, आणि पुढे अधिक उष्णता सोसणारी बहुवारिक द्रव्ये व फॉस्फोनेट आल्यावर तिची गरज सरली. भांड्यांच्या पावडरीतही नंतर जवळपास हेच स्थित्यंतर घडले.

असे घडवलेले पाणी दोहाच्या स्वयंपाकघरात येते तेव्हा ते मऊ असते. थर बसवण्याइतका चुना त्यात मुळातच नसतो, आणि ज्या कामासाठी फॉस्फेट लागते ते काम समुद्रकिनाऱ्यावरच्या कारखान्यात, प्रचंड ऊर्जा खर्च करून, आधीच झालेले असते. जगाच्या ज्या भागात फॉस्फेटची गरज सर्वांत कमी, त्यांत कतारचा समावेश करावा लागेल. ही गोष्ट मात्र यंत्राला किंवा ते वापरणाऱ्याला आपोआप कळत नाही.

पेल्यावरची धूसर झाक

यंत्राच्या तळाशी डाव्या किंवा उजव्या बाजूला झाकणाचा एक कप्पा असतो आणि त्यात जाड मीठ घालायचे असते. त्या कप्प्यालगत राळेच्या बारीक मण्यांची एक नळकांडी असते. पाणी तिच्यातून जाताना मणी त्यातील कॅल्शियम काढून घेतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, आणि मणी भरले की मिठाच्या द्रावणाने ते पुन्हा धुतले जातात. पाणी किती जड आहे त्यानुसार ही व्यवस्था किती वेळा चालावी याचा आकडा यंत्रावर लावता येतो, आणि कारखान्यातून यंत्र निघते तेव्हा तो बहुधा मध्यम जड पाण्यासाठी लावलेला असतो. दोहाच्या अल साद, नजमा किंवा शेजारच्या अल वक्रा अशा भागांतील भाड्याच्या फ्लॅटमध्ये किंवा कंपाउंडमधल्या व्हिलांमध्ये यंत्र आधीच्या भाडेकरूने जसे ठेवले असेल तसेच चालत राहते. गावाकडच्या क्षाराच्या पाण्याची सवय अंगात मुरलेले कुटुंब त्यात मीठही भरते, टॅब्लेटही घालते आणि कढई करपली असेल तर वर चमचाभर पावडरही टाकते.

याचा परिणाम वर्षाभरात काचेच्या पेल्यांवर दिसतो. पेले धुरकट होतात, उजेडात धरले तर काठाखाली इंद्रधनुषी छटा आणि बारीक रेघा दिसतात. घरातला पहिला अंदाज चुन्याच्या थराचा असतो आणि त्यावरचा उपाय म्हणून आणखी मीठ, आणखी टॅब्लेट असा क्रम सुरू होतो. वास्तविक तो थर नसतो. अतिमऊ, गरम आणि अल्कलीयुक्त पाणी काचेच्या पृष्ठभागातील घटक हळूहळू विरघळवून नेते, आणि कॅल्शियम धरून ठेवणारी द्रव्ये पाण्यात जितकी जास्त तितका हा ऱ्हास वेगाने होतो, कारण पाण्यात धरायला कॅल्शियम न उरल्यावर ती काचेकडे वळतात. खरे काय आहे हे ताडण्याची युक्ती सोपी आहे: पेल्यावर पांढरे व्हिनेगर काही मिनिटे ठेवून पुसावे, झाक गेली तर ती चुन्याची होती आणि नाही गेली तर काच झिजलेली आहे, आणि झिजलेली काच कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. अॅल्युमिनियमची पातेली काळी पडणे आणि पितळेचे डबे निस्तेज होणे हाही त्याच अल्कलीचा प्रताप असतो, आणि मराठी घरांत यंत्राबद्दलचा अविश्वास बहुधा काचेपेक्षा या पातेल्यांमुळेच पक्का होतो.

अशा घरात टॅब्लेट अर्धी करून घालणे किंवा पावडरीची मात्रा निम्म्यावर आणणे यात स्वच्छतेचे काही बिघडत नाही. पर्यावरणाच्या नावाने फारसे न बोलता केवळ पेले वाचवण्यासाठी जरी हे केले तरी मोरीतून जाणारा फॉस्फरस त्याच प्रमाणात घटतो.

मोरीच्या पुढे

दोहाच्या बहुतेक भागातील सांडपाणी अशघाल या सार्वजनिक बांधकाम प्राधिकरणाच्या वाहिन्यांतून शहराभोवतीच्या शुद्धीकरण प्रकल्पांकडे जाते. त्यांतील दोहा उत्तर हा प्रकल्प सिंगापूरच्या केपेल सेगर्स या कंपनीने उभारला असून दिवसाला सुमारे 2,44,000 घनमीटर सांडपाणी हाताळण्याची त्याची क्षमता आहे, आणि तेथे शेवटच्या टप्प्यावर पाणी अतिसूक्ष्म पडद्यांतून गाळले जाते. फॉस्फरस मात्र पाण्यात विरघळलेला असल्याने नुसत्या गाळण्याने हाती लागत नाही. एकतर लोहाचे किंवा तुरटीसारखे अॅल्युमिनियमचे क्षार घालून तो साक्याच्या रूपाने खाली बसवावा लागतो, किंवा विशिष्ट जीवाणूंना आधी प्राणवायूविना ठेवून मग प्राणवायू द्यावा लागतो, म्हणजे ते हपापल्यासारखे फॉस्फेट पोटात साठवतात आणि गाळाबरोबर त्यांना काढून टाकता येते. पहिल्या मार्गाने गाळ वाढतो आणि दुसऱ्याला कसबी देखरेख लागते. आलेला फॉस्फरस जितका कमी तितके हे दोन्ही स्वस्त पडतात, आणि नियम उगमापाशी लावण्याचे मुख्य आर्थिक समर्थन हेच आहे.

शुद्ध केलेले पाणी नदीत सोडायला नदी नाही, आणि जिथे थेंब थेंब समुद्रातून काढावा लागतो तिथे ते फुकट घालवणेही परवडणारे नाही. म्हणून ते नळांतून उद्यानांना, रस्त्याकडेच्या झाडांना आणि चाऱ्याच्या शेतांना दिले जाते, गगनचुंबी इमारतींना थंड ठेवणाऱ्या सामायिक शीतकरण केंद्रांत वापरले जाते, आणि काही पाणी खोल भूगर्भात उतरवले जाते. चाऱ्याच्या शेतात उरलेला फॉस्फरस हे खतच असते, तेव्हा तिथे त्याची तक्रार कोणी करत नाही. शीतकरणाच्या मनोऱ्यांत मात्र पाणी उडून जाताना फॉस्फेट दाट होत जाते आणि कॅल्शियमशी संयोग पावून नळ्यांवर चिवट थर धरते, म्हणजे पेल्यावर जो थर बसू नये म्हणून फॉस्फेट घातले होते तशाच थराला ते दुसऱ्या टोकाला स्वतः कारण होते. जमिनीत मुरलेल्या फॉस्फेटचे काय होते हे कतारच्या दगडावर ठरते: बहुतेक द्वीपकल्पाचा पृष्ठभाग चुनखडीचा आणि डोलोमाइटचा आहे आणि असा कॅल्शियमयुक्त दगड फॉस्फेटला पकडून अविद्राव्य करून टाकतो, त्यामुळे नत्रासारखे ते भूजलातून फार दूर वाहत जात नाही. निसर्गाने इथे अनपेक्षितपणे एक बांध घालून ठेवला आहे असे म्हणता येईल.

वाळवंटात सांडपाण्याची तळी मात्र झाली होती. दोहाच्या नैऋत्येला अबू नखला येथे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे विस्तीर्ण तळे साठले होते, त्याच्या कडेने बोरू माजले होते आणि पाणपक्षी पाहायला लोक मुद्दाम तिकडे जात. सलवा रस्त्यावर आणखी दूर, अल करआना येथे, टँकरनी आणून ओतलेल्या मैल्याची आणि औद्योगिक सांडपाण्याची तळी होती, ज्यांची साफसफाई आणि पुनरुज्जीवन अशघालने पुढे हाती घेतले. ज्या देशात सरोवर नव्हते तिथे ते झाले ते अशा प्रकारे, आणि फॉस्फरसने पोसलेली हिरवळ हाच त्यांचा सर्वांत ठळक गुण होता.

उथळ आखात

समुद्रापर्यंत शहराचे पाणी पोचते ते मुख्यतः आडमार्गाने. बागांना दिलेले पाणी आणि वाहिन्यांतली गळती यांमुळे दोहाखालचे भूजल वर चढते, ते आणि क्वचित पडणाऱ्या मुसळधार पावसाचे पाणी उपसून समुद्रात सोडावे लागते, आणि त्यासाठी दक्षिण दोहात मुसैमीर येथून समुद्राखाली सुमारे 10 किलोमीटर लांबीचा बोगदाच बांधलेला आहे. ज्या आखातात हे पाणी पडते त्याची सरासरी खोली जेमतेम 35 मीटर आहे, हुर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून त्याची अदलाबदल व्हायला काही वर्षे लागतात, आणि बाष्पीभवनामुळे त्याचा खारेपणा खुल्या महासागरापेक्षा पुष्कळ जास्त असतो. असा समुद्र जे मिळेल ते साठवून ठेवतो.

खाऱ्या पाण्यात शेवाळाची मर्यादा बहुधा फॉस्फरसऐवजी नत्र ठरवते, हे इथे स्पष्टपणे सांगायला हवे, नाहीतर एरी सरोवराचा धडा जसाच्या तसा आखाताला लावण्याची चूक होते. पण दोन्ही पोषकद्रव्ये एकाच मोरीतून येतात आणि एकमेकांच्या जोडीने काम करतात. आखातात काय घडू शकते याचा दाखला 2008च्या उत्तरार्धात मिळाला: मार्गालेफिडिनियम या सूक्ष्म शेवाळाची लाल लाट ओमान आणि अमिरातींच्या किनाऱ्यांपासून कतार आणि इराणपर्यंत पसरली, आठ महिन्यांहून अधिक काळ टिकली, मासे मोठ्या संख्येने मेले आणि अमिरातींतील गोडे पाणी करणारे काही कारखाने आठवडेच्या आठवडे बंद ठेवावे लागले, कारण चिकट शेवाळाने त्यांच्या गाळण्या बुजून गेल्या. त्या लाटेमागे जहाजांनी तोल राखण्यासाठी भरून आणलेले पाणी, वाऱ्यांनी वर आलेले खोल समुद्रातले पाणी आणि किनाऱ्यावरून वाहून आलेली पोषकद्रव्ये अशी अनेक कारणे अभ्यासकांनी मांडली आहेत. भांड्यांच्या पावडरीवर तिचे खापर फोडणे हास्यास्पद ठरेल. जो देश समुद्रच पितो त्याच्या दृष्टीने शेवाळाची लाट हा पाणीपुरवठ्याचा प्रश्न असतो, एवढे मात्र त्यातून दिसले. ऑस्ट्रेलियानंतर जगात सर्वाधिक डुगाँग, म्हणजे समुद्रगवतावर चरणारे सस्तन प्राणी, याच आखातात आहेत आणि त्यांचे मोठे कळप कतारच्या पश्चिम किनाऱ्यालगत दिसतात. पाणी गढुळले आणि सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचेनासा झाला की सर्वांत आधी हे गवत जाते.

हानीइतकाच उधळपट्टीचा मुद्दाही इथे लागू पडतो. मेसाईद येथे कतार हवेतला नत्र आणि आपला नैसर्गिक वायू यांच्यापासून युरिया प्रचंड प्रमाणात बनवतो, पण फॉस्फरस असा बनवता येत नाही. तो मोरोक्को, जॉर्डन किंवा शेजारच्या सौदी अरेबियातील खाणींतून खडकाच्या रूपाने काढावा लागतो आणि त्याला शेतीत पर्याय नाही. जिथे पाणी मुळातच मऊ आहे तिथे तो पेले चमकवण्यासाठी विरघळवून टाकणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

खोक्यावरची बारीक अक्षरे

लुलू, कारफूर किंवा अल मीराच्या दुकानांत भांड्यांच्या यंत्रासाठी जी खोकी रचलेली असतात त्यांच्यावर युरोपातून आलेल्या मालाचे घटक ठरावीक पट्ट्यांत लिहिलेले असतात: 5 टक्क्यांपेक्षा कमी, 5 ते 15, 15 ते 30, आणि 30हून अधिक. फॉस्फेट 0.2 टक्क्यापेक्षा जास्त असेल तर त्याचे नाव छापणे युरोपीय नियमाने बंधनकारक आहे, त्यामुळे ते शोधणे कठीण नाही, पण वाचणाऱ्याची हमखास फसगत होते ती फॉस्फोनेट या शब्दापाशी. फॉस्फोनेट हे वेगळे द्रव्य आहे. त्यात फॉस्फरस असतो, मात्र अल्प प्रमाणात वापरूनही ते चुन्याचे स्फटिक वाढू देत नाही, आणि पाण्यात ते सावकाश फुटते. त्याच्याबरोबर लिंबातल्या आम्लापासून केलेले सोडियम सायट्रेट, जीवाणूंकडून सहज विघटित होणारे एमजीडीए नावाचे अमिनो आम्लजन्य द्रव्य, आणि पॉलिकार्बोक्झिलेट ही बहुवारिके असा चमू आता ट्रायपॉलिफॉस्फेटची जागा घेतो. या चमूत सर्वच निर्दोष नाहीत, कारण पॉलिकार्बोक्झिलेट पाण्यात लवकर विघटित होत नाहीत आणि गाळाला चिकटून राहतात.

फॉस्फेट गेल्यावर सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकेत पेल्यांवरील पांढुरक्या थराच्या तक्रारींचा पाऊस पडला होता, आणि विकरे व बहुवारिके सुधारत गेल्यावर त्या ओसरल्या. मऊ पाण्याच्या दोहात ती अडचण मुळातच फारशी उद्भवू नये, त्यामुळे ज्या खोक्यावर फॉस्फेटचा उल्लेख नाही ते घेण्यात इथल्या घराला तोटा नाही.

हॉटेलांची मागची बाजू

घरगुती पावडरीचा इतका ऊहापोह झाल्यावर नियमांतील सर्वांत मोठी फट सांगायला हवी. युरोपातील 0.3 ग्रॅमची मर्यादा घरगुती वापराच्या मालाला आहे, आणि अमेरिकी राज्यांचे कायदेही प्रामुख्याने घरगुती पावडरीपुरतेच लिहिलेले होते. हॉटेल, रुग्णालय, विमानांचे जेवण बनवणारी स्वयंपाकघरे आणि कामगारांच्या खानावळी यांतील यंत्रांची गोष्ट निराळी असते, कारण तिथे दीड-दोन तासांच्या फेरीऐवजी मिनिटा-दोन मिनिटांत ताट बाहेर आले पाहिजे, आणि एवढ्या थोड्या अवधीत काम करणारे रसायन तीव्रच लागते. दोहासारख्या शहरात, जिथे 2022च्या विश्वचषकाच्या निमित्ताने हॉटेलांच्या खोल्या झपाट्याने वाढल्या आणि जिथे लाखो माणसे सामुदायिक स्वयंपाकघरांत जेवतात, तिथे घरांतल्या टॅब्लेटपेक्षा या मागच्या बाजूला अधिक लक्ष देणे सयुक्तिक ठरेल.

हॉटेलच्या भाषेत या विभागाला किचन स्टुअर्डिंग म्हणतात. यंत्राशेजारी भिंतीला डोसिंग पंप लावलेला असतो आणि त्याची नळी जमिनीवरच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये सोडलेली असते. यंत्राच्या टाकीतील पाण्याची विद्युतवाहकता विशिष्ट पातळीखाली आली की पंप आपोआप आणखी द्रव सोडतो. ही पातळी ताटे लावणारा कामगार ठरवत नाही, स्टुअर्डिंगचा प्रमुखही सहसा ठरवत नाही. रसायन पुरवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ यंत्र बसवताना पाण्याचा जडपणा तपासून ती लावून जातो, आणि पुढे तक्रार आली की येऊन वाढवतो. ताटावर डाग राहिल्याची तक्रार होते. जास्त रसायन गेल्याची तक्रार करणारे त्या साखळीत कोणी नसते, कारण जास्त गेलेले रसायन ताटावर दिसत नाही आणि कॅनचे बिल खरेदी विभागाकडे जाते. हॉटेलांच्या व्यवस्थापनाने वर्षातून एकदा नळाच्या पाण्याचा जडपणा नव्याने तपासून पंपाचा आकडा त्यानुसार उतरवून घ्यायचे ठरवले, आणि पुरवठ्याच्या करारात कॅनमधील फॉस्फरसचे प्रमाण लिहून मागितले, तर त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.